गणकयंत्र घेण्यापूर्वी शिंगणापूरला चला!

दिवाळीच्या खरेदीची यादी घरोघरी साधारण सारखीच असते. कपडे, फराळाचा किराणा, आकाशकंदील, भाऊबीजेची ओवाळणी. पण अलीकडे शहरांतल्या काही मध्यमवर्गीय घरांत या यादीच्या अगदी तळाशी एक नवी ओळ दिसू लागली आहे, आणि ती आईच्या किंवा आजीच्या हस्ताक्षरात नसते. ती असते चिरंजीवांच्या नाही तर कन्यारत्नाच्या हस्ताक्षरात. 'ग्राफिंग कॅल्क्युलेटर', एवढीच ती ओळ. पुढे किंमत लिहिलेली नसते. शहाणी मुले ती लिहीतच नाहीत.

वडील दुकानात जातात आणि किंमत विचारतात. उत्तर ऐकून त्यांना प्रथम वाटते की दुकानदाराने एक शून्य जास्त सांगितले असावे. मग कळते की शून्य बरोबर आहे, आपली समजूत चुकली होती. साधा कॅल्क्युलेटर दोन-चारशे रुपयांत मिळतो, इंजिनिअरिंगची मुले वापरतात तो शास्त्रीय कॅल्क्युलेटर हजार-दोन हजारांत येतो. पण हे आलेख काढणारे यंत्र पाच आकडी रकमेपर्यंत सहज जाते. घरी आल्यावर चर्चा सुरू होते. "वर्गात सगळ्यांकडे आहे," असे मूल म्हणते. "आमच्या वेळी लॉगची पुस्तके होती," असे वडील म्हणतात. दोघांचेही म्हणणे खरे असते आणि दोघांच्याही म्हणण्याने प्रश्न सुटत नाही.

तो प्रश्न या लेखात सोडवण्याचा विचार आहे. त्यासाठी आपल्याला आधी परीक्षा मंडळांच्या दारांवरून आणि मग थेट शनिशिंगणापूरपर्यंत एक फेरी मारावी लागेल. गणकयंत्राचा आणि शिंगणापूरचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. थोडा धीर धरावा.

हे यंत्र करते तरी काय?

बेरीज-वजाबाकी, वर्गमूळ, लॉग, साइन-कोसाइन ही कामे शास्त्रीय कॅल्क्युलेटरही करतो. आलेखाच्या यंत्राचे वैशिष्ट्य असे की आपण त्याला समीकरण सांगितले, म्हणजे ते त्याची रेषा किंवा वक्र पडद्यावर काढून दाखवते. दोन रेषा कोठे छेदतात, वक्राचा माथा कोठे आहे, तो आडव्या अक्षाला कोठे भेटतो, हे ते शोधून देते. शिवाय आकड्यांचा तक्ता भरून दिला तर त्याची सरासरी, विचलन आणि त्यातून जाणारी जवळची रेषाही काढते.

असे पहिले यंत्र कॅसिओ या जपानी कंपनीने १९८५ साली बाजारात आणले. त्याचे नाव एफएक्स-७००० जी. त्याचा पडदा ९६ ठिपके रुंद आणि ६४ ठिपके उंच होता. आजच्या मुलांना तो पाहून हसू येईल. १९९० साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने टीआय-८१ हे शाळांसाठी केलेले यंत्र काढले. तिथल्या शाळांनी ते उचलून धरले आणि पुढे त्याच घराण्यातली टीआय-८३, टीआय-८४ ही यंत्रे अमेरिकन मुलांच्या दप्तरात कायमची जाऊन बसली. आपल्याकडे ती आली ती मुख्यतः परदेशी अभ्यासक्रमाच्या शाळांबरोबर. म्हणजे हे यंत्र आपल्या गरजेतून नव्हे, परीक्षेच्या नियमातून आपल्या घरात शिरले आहे. म्हणूनच यंत्र घेण्याआधी परीक्षेचा नियम पाहावा.

पहिला प्रश्न: परीक्षा कोणती?

आपले मूल महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळेत असेल, तर उत्तर एका वाक्याचे आहे. घेऊ नका. दहावीच्या किंवा बारावीच्या गणिताच्या परीक्षेत कोणताच कॅल्क्युलेटर चालत नाही. बारावीला लॉगची कोष्टके मिळतात. दहावीच्या बीजगणितात दोन चलांतली रेषीय समीकरणे आलेखाने सोडवायची असतात, ती आलेख-कागदावर, पेन्सिलीने आणि पट्टीने. बारावीच्या रेषीय प्रायोजनाच्या उदाहरणांतही हाताने रेषा काढून मधला भाग रेखांकित करावा लागतो. पुण्याच्या कर्वे रस्त्यावरची मुलगी असो की शिंगणापूर-सोनईच्या शाळेतला मुलगा असो, दोघांच्या हातात परीक्षेच्या दिवशी तोच कागद आणि तीच पेन्सिल असते. आपल्या मंडळाची ही एक गोष्ट मला फार आवडते.

सी.बी.एस.ई.चीही स्थिती तशीच. दहावी-बारावीच्या गणिताला कॅल्क्युलेटर नाही. आकलनाच्या विशिष्ट अडचणी असलेल्या मुलांना साध्या यंत्राची सवलत मिळते, एवढाच अपवाद. पुढच्या प्रवेशपरीक्षांकडे पाहावे, तर जे.ई.ई.ला यंत्र चालत नाही, एम.एच.टी.-सी.ई.टी.लाही नाही. आय.एस.सी.च्या बारावीला कॅसिओचा एफएक्स-८२ एमएस हा साधा शास्त्रीय कॅल्क्युलेटर चालतो, पण त्यावर आलेख येत नाही.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला जाणार म्हणून आत्ताच यंत्र घेऊन ठेवू, असा विचार काही दूरदर्शी पालक करतात. त्यांनी थांबावे. महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिकांवर प्रोग्राम न करता येणारा खिशातला कॅल्क्युलेटरच चालेल, असे छापलेले असते. आलेखाची यंत्रे प्रोग्राम करता येणारी असतात, म्हणजे ती तिथे उंबरठ्यावरच अडतात. जाता जाता एक गंमत सांगतो. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या प्रश्नपत्रिकांवर लॉगची कोष्टके आणि कॅल्क्युलेटर यांच्या जोडीला स्लाइड रूललाही परवानगी असल्याचे वर्षानुवर्षे छापले जात आले. स्लाइड रूल म्हणजे काय, हे आजच्या मुलाने आजोबांना विचारावे.

आता उरल्या परदेशी परीक्षा. इथे मात्र नियम नीट वाचले पाहिजेत, कारण एकाच शाळेत दोन वर्गांचे नियम वेगळे असू शकतात.

आय.बी. डिप्लोमाच्या दोन्ही गणितांना आलेखाचे यंत्र लागतेच. २०१९ पासून शिकवल्या जाणाऱ्या या अभ्यासक्रमांपैकी 'अ‍ॅनालिसिस अँड अप्रोचेस' या गणिताचा पहिला पेपर यंत्राशिवाय द्यावा लागतो. 'अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन' या गणिताच्या सर्व पेपरांना यंत्र हवे. म्हणजे दुसरे गणित घेणाऱ्या मुलाला यंत्राची सवय जास्त लागणार.

केंब्रिजच्या आय.जी.सी.एस.ई.मध्ये खरी फसगत होते. 'इंटरनॅशनल मॅथेमॅटिक्स' नावाच्या ०६०७ क्रमांकाच्या विषयाला आलेखाचे यंत्र लागते. पण नुसत्या 'मॅथेमॅटिक्स' नावाच्या ०५८० क्रमांकाच्या विषयाला ते चालत नाही. तिथे शास्त्रीय कॅल्क्युलेटर न्यायचा. नावात एका शब्दाचा फरक आणि खर्चात हजारोंचा! त्याच केंब्रिजच्या ए-लेव्हलच्या ९७०९ या गणितालाही आलेखाचे यंत्र चालत नाही. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी शाळेकडून विषयाचे नाव नव्हे, क्रमांक लिहून आणावा.

अमेरिकेच्या सॅट परीक्षेसाठी यंत्र घ्यावे का, असेही पुष्कळ जण विचारतात. आपल्याकडे मार्च २०२३ पासून ही परीक्षा संगणकावर होते, आणि तिच्या पडद्यावरच 'डेस्मॉस' हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर दिलेला असतो. त्याची सवय घरी फुकट करता येते. केवळ सॅटसाठी पाच आकडी रक्कम मोजण्याचे कारण उरलेले नाही.

दुसरा प्रश्न: आलेख वाचता येतो का?

समजा, परीक्षेला यंत्र लागणार आहे, हे नक्की झाले. तरी आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो पैशांपेक्षा मोठा आहे. यंत्र आलेख काढून देईल. पण समोर आलेला आलेख काय सांगतो, हे मुलाला कळेल का? याची परीक्षा घ्यायला शिकवणीवर्ग नको. दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ कुटुंबे शिर्डी-शिंगणापूर करतात. त्या सहलीतच ती घेता येते.

अहिल्यानगर (म्हणजे पूर्वीचे अहमदनगर) स्टेशनवर उतरून शिंगणापूरला जायचे आहे, असे समजू. अंतर सुमारे ३५ किलोमीटर. एक टॅक्सीवाला म्हणतो, "साहेब, ५०० रुपये ठरलेले आणि वर किलोमीटरला १२." दुसरा म्हणतो, "माझे ठरलेले २००च, पण किलोमीटरला २० पडतील." हे दर आपल्या सोयीचे, उदाहरणापुरते घेतले आहेत. कुणाची गाडी करावी?

एका बाजूच्या प्रवासाला पहिला ९२० रुपये घेईल, दुसरा ९००. म्हणजे दुसरा स्वस्त. पण परत याच गाडीने यायचे असेल, तर ७० किलोमीटरना पहिला १,३४० घेईल आणि दुसरा १,६००. आता पहिला स्वस्त! दहावीचे मूल हे आलेखावर काढू लागले, की दोन रेषा दिसतात. एक वरून सुरू होऊन हळू चढते, दुसरी खालून सुरू होऊन भराभर चढते, आणि ३७.५ किलोमीटरवर दोघी भेटतात. भेटण्याच्या अलीकडे दुसऱ्याची गाडी, पलीकडे पहिल्याची. छेदनबिंदूचा अर्थ हा असा. नुसते 'क्ष बरोबर ३७.५' लिहून मार्क मिळतील, पण टॅक्सी कोणती करायची हे त्या मुलाला सांगता आले पाहिजे.

आता हीच दोन समीकरणे नव्या कोऱ्या यंत्रात घाला आणि आलेखाचे बटण दाबा. बहुधा काहीच दिसणार नाही. पडदा कोरा! पुष्कळ पालक इथेच घाबरून दुकानदाराकडे परत जातात. यंत्र बिघडलेले नसते. पुष्कळ यंत्रांचा पडदा पहिल्याने दोन्ही अक्षांवर उणे १० ते १० असा लावलेला असतो, आणि आपल्या रेषा तर २०० आणि ५०० पासून सुरू होतात. त्या खिडकीच्या बाहेर, कितीतरी वर आहेत. आडवा अक्ष ० ते ८० आणि उभा ० ते १,८०० असा लावला, की दोन्ही रेषा निमूटपणे हजर होतात. कागदावर आलेख काढताना 'प्रमाण: १ सेंमी = १० एकक' असे कोपऱ्यात लिहायला गुरुजी का लावतात, हे ज्याला कळले, त्याला ही खिडकी लावता येते. ज्याने हाताने कधी प्रमाण ठरवले नाही, तो कोऱ्या पडद्याकडे पाहत बसतो. यंत्रापूर्वी कागद हवा, असे म्हणतात ते जुन्या वळणाच्या हट्टाने नव्हे. त्याचे कारण हे आहे.

शनीची रेषा

टॅक्सी घोडेगावावरून वळून शिंगणापूरच्या वाटेला लागते. दोन्ही बाजूंना उसाचा रस काढणाऱ्या रसवंत्या असतात, आणि काहींचा घाणा अजून बैल ओढतो. एखाद्या रसवंतीवर थांबावे आणि रस येईपर्यंत मुलाला एक प्रश्न घालावा. साडेसाती साडेसात वर्षांचीच का?

श्रद्धा असो वा नसो, हा प्रश्न शुद्ध गणिताचा आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी करायला २९.४६ वर्षे लागतात. राशी १२. भागून पाहा: एका राशीला सुमारे अडीच वर्षे. आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची, अशा तीन राशींतून शनी जाईपर्यंतचा काळ म्हणजे साडेसाती. अडीच त्रिक साडेसात. एखादी चिकित्सक मुलगी बरोबर भागाकार करून सांगेल, "बाबा, हे साडेसात नाही, ७.३७ येते. म्हणजे सात वर्षे आणि साधारण साडेचार महिने." तिला रसाचा आणखी एक ग्लास द्यावा.

पण शनी असा सरळ चालत नाही. तो मध्येच वक्री होतो. उसाच्या गाडीला आपली एस.टी. मागे टाकू लागली, की क्षणभर ती गाडी मागे सरकल्यासारखी दिसते. तसेच पृथ्वी शनीला मागे टाकताना होते. दर ३७८ दिवसांत एकदा, सुमारे साडेचार महिने, शनी आकाशात उलटा चालल्यासारखा दिसतो. हे सगळे एका ढोबळ समीकरणात बसवता येते:

य = १२.२ क्ष + ६ साइन (३४८ क्ष)

क्ष म्हणजे सूर्य-शनी युतीपासून गेलेली वर्षे आणि य म्हणजे शनीने आकाशात काटलेले अंश. पहिला भाग त्याची मूळची संथ चाल. दुसरा भाग आपण फिरत्या पृथ्वीवरून पाहतो म्हणून दिसणारा हेलकावा. यंत्राचा कोन अंशांत लावावा, रेडियनमध्ये नव्हे. नाही तर भलतेच चित्र येईल. आडवा अक्ष ० ते ३, उभा ० ते ४०. पडद्यावर चढणाची एक लाट उमटते. वर जाते, थोडी खाली येते, पुन्हा वर जाते. खाली येण्याचा जो तुकडा, तेच वक्री होणे.

आता ३० अंशांवर एक आडवी रेषा काढा. समजा, ही राशीची सीमा आहे. लाट या रेषेला एकदा नव्हे, तीनदा छेदते: सुमारे २.१७, २.६५ आणि २.९१ वर्षांनी. म्हणजे शनी नव्या राशीत शिरला, वक्री होऊन जुन्या राशीत परतला आणि पुन्हा नव्या राशीत गेला. हे नुसते पुस्तकी नाही. निरयन गणिताप्रमाणे शनी २९ एप्रिल २०२२ रोजी कुंभेत आला, १२ जुलै २०२२ रोजी परत मकरेत गेला आणि १७ जानेवारी २०२३ रोजी पुन्हा कुंभेत शिरला. तेव्हा 'साडेसाती सुटली की नाही' म्हणून घरोघरी जो घोळ झाला, त्याचे चित्र म्हणजे ही लाट आणि तिला तीन ठिकाणी कापणारी रेषा.

हा आलेख कागदावर हाताने काढायला दुपार जाईल. तो यंत्राने अर्ध्या मिनिटात काढला तर काही बिघडत नाही. इथे यंत्राचे खरे काम आहे. ६ च्या जागी ३ घातले तर काय होईल? १० घातले तर? लाट किती सपाट झाली म्हणजे शनी वक्री होणेच थांबेल? असे दहा प्रश्न दहा मिनिटांत विचारता येणे, यासाठीच हे यंत्र आहे. टॅक्सीची रेषा हाताने काढता येणाऱ्या मुलाच्या हाती ते दिले, तर पैसे वसूल होतात. टॅक्सीची रेषाच न कळणाऱ्याला ते दिले, तर महागडे खेळणे होते.

कुलुपाची गोष्ट

शिंगणापूरची ख्याती जगभर आहे ती तिथल्या घरांमुळे. दारांना चौकटी असतात, पण कवाडे आणि कुलपे नसतात. चौथऱ्यावरची शिळाही उघड्या आकाशाखाली उभी आहे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने गावात शाखा उघडली, तेव्हा कुलूप नसलेली बँक म्हणून तिची देशभर बातमी झाली. बँकेने गावाचा मान राखून काचेचे दार बसवले होते. २०१५ साली गावात पोलीस ठाणेही आले. विश्वास आणि बंदोबस्त यांची सांगड त्या गावानेही आपापल्या परीने घातली आहे.

आलेखाच्या यंत्राची गोष्ट नेमकी उलट आहे. परीक्षेच्या दालनात त्याला कुलूप लावूनच न्यावे लागते. या यंत्रात सूत्रे, टिपणे, प्रोग्राम साठवता येतात. म्हणून त्यात 'परीक्षा-स्थिती' नावाची सोय असते. ठरावीक बटणे एकत्र दाबली, की साठवलेले सारे काही यंत्रांत तात्पुरते दडवले जाते, काहींत पुसलेच जाते. कित्येक यंत्रांवर पर्यवेक्षकांना दिसावा म्हणून बारीक दिवा लुकलुकत राहतो. यंत्र घेताना ही सोय आहे का, आणि आपल्या मंडळाच्या मंजूर यादीत ते बसते का, हे पाहिलेच पाहिजे. जुने यंत्र स्वस्तात मिळाले म्हणून घेतले आणि त्यात परीक्षा-स्थितीच नाही, असे झाले तर ते परीक्षेपुरते निरुपयोगी.

आणखी एक धोका नावातल्या तीन अक्षरांचा. यंत्राच्या नावापुढे 'सीएएस' असे असेल, तर ते आकडेच नव्हे, अक्षरांचे बीजगणितही सोडवते. अवयव पाडते, समीकरण उलगडून देते. आय.बी.ला ही शक्ती चालत नाही. महाग म्हणजे चांगले, असे समजून कुणी सर्वांत वरचे मॉडेल आणले, तर तेच परीक्षेत नाकारले जाऊ शकते.

मग कोणते घ्यावे?

आपल्याकडे साधारण चार नावे ऐकू येतात.

कॅसिओचा एफएक्स-९८६० जी-थ्री हा काळ्या-पांढऱ्या पडद्याचा. पडदा १२८ बाय ६४ ठिपक्यांचा, म्हणजे जाडाभरडा. पण काम चोख. रंगीत पडद्याचा एफएक्स-सीजी ५० हा २०१७ साली आला. त्याचा पडदा ३८४ बाय २१६ ठिपक्यांचा आहे, त्यामुळे शनीची लाट त्यावर गुळगुळीत दिसते. या दोन्हींत चार बारीक पेन्सिल सेल लागतात, आणि ते सोनईच्या बाजारातही मिळतील. परीक्षेच्या सकाळी चार्जिंग संपले म्हणून रडायची वेळ येत नाही. आपल्या हवामानात आणि आपल्या विजेच्या भरवशावर ही सोय लहान समजू नये.

टेक्सासचा टीआय-८४ प्लस सीई हा २०१५चा, रंगीत आणि चार्ज करायचा. अमेरिकन पुस्तकांतली बटणांची चित्रे बहुधा याच घराण्याची असतात, म्हणून ती पुस्तके वापरणाऱ्या शाळांत तो सोपा पडतो. त्याच कंपनीचा टीआय-एनस्पायर अधिक ताकदीचा. घेतलाच तर 'सीएएस' नसलेला घ्यावा. चौथा फ्रान्सचा नमवर्क्स, हा २०१७चा. त्याची मांडणी मोबाइलसारखी सोपी आहे आणि त्याचा नमुना संगणकावर फुकट चालवून पाहता येतो. विकत घेण्यापूर्वी हात बसतो का, हे घरीच कळते.

या चौघांत निवड कशी करावी? माझे मत विचाराल तर एकच कसोटी सर्वांत महत्त्वाची: वर्गात शिकवणाऱ्या बाई किंवा सर जे वापरतात, तेच घ्यावे. फळ्यासमोर बाई "हे बटण, मग ते बटण" असे सांगत असताना एकट्याचेच यंत्र निराळे असले, तर मूल गणित सोडून बटणे शोधत बसते. त्यानंतर सेलची सोय पाहावी, नंतर पडदा. प्रोग्रामिंगची आवड असलेल्या मुलासाठी पायथॉन भाषा चालते का, हे विचारावे. एफएक्स-सीजी ५० आणि नमवर्क्स या दोन्हींत ती चालते.

पायथॉन मिळालाच, तर पहिला प्रोग्राम आपल्याच माणसाचा करावा. देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी ६१७४ या संख्येची जादू दाखवली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या; अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा; पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. कापरेकरांनी हे शोधले तेव्हा त्यांच्याजवळ यंत्र नव्हते. कुतूहल होते आणि कागद होता.

जुने यंत्र घ्यायलाही हरकत नाही. बारावी संपली की ही यंत्रे कपाटात पडून असतात. शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांकडे चौकशी करावी. घेताना सर्व बटणे दाबून पाहावीत, सेलच्या खाचेत गंज नाही ना, हे पाहावे आणि शिंगणापूरचे टॅक्सीचे उदाहरण त्यावर सोडवून पाहावे. दोन रेषा ३७.५ वर भेटल्या आणि पडद्यावर कुठे मेलेली ओळ दिसली नाही, की यंत्र ठणठणीत समजावे.

ज्यांनी घेऊ नये, त्यांनी काय करावे?

राज्य मंडळाच्या आणि सी.बी.एस.ई.च्या मुलांना यंत्र नको, असे वर सांगितले. म्हणजे त्यांनी शनीची लाट पाहूच नये, असे नाही. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गमध्ये २००१ साली सुरू झालेला 'जिओजेब्रा' आणि वर सांगितलेला 'डेस्मॉस', हे दोन्ही मोबाइलवर फुकट मिळतात. त्यांचा पडदा महागड्या यंत्रांपेक्षा मोठा आणि स्वच्छ असतो. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही जिओजेब्राचा उल्लेख आहे. पालकांनी ती चौकट सहसा वाचलेली नसते. कसबा पेठेतल्या मुलाला जो जिओजेब्रा मिळतो, तोच शिंगणापूरच्या मुलाला मिळतो. पाच आकडी यंत्रामुळे दोन मुलांत जी दरी पडली असती, ती इथे पडत नाही.

मात्र मोबाइल हाती देताना एक नियम असावा. आधी कागदावर रेषा कशी येईल, हे मुलाने हाताने काढून दाखवावे, आणि मग पडद्यावर ताडून पाहावे. चूक झाली तर उत्तमच; ती का झाली, हे शोधण्यातच अर्धे गणित आहे. उलट क्रमाने गेले, म्हणजे आधी पडदा आणि मग कागद, तर ती नुसती नक्कल होते.

आता हिशेब. आय.बी. किंवा केंब्रिजचा ०६०७ असेल, तर शाळेच्या पसंतीचे, सीएएस नसलेले, परीक्षा-स्थिती असलेले यंत्र घ्यावे, आणि ते परीक्षेच्या महिनाभर आधी नव्हे, पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावे, म्हणजे हात बसतो. बाकी सर्वांनी दिवाळीच्या यादीतली ती तळाची ओळ खोडावी आणि तिच्या जागी लिहावे: आलेख-कागदाची वही, चांगली पट्टी, टोकदार पेन्सिल. त्यातून वाचलेल्या पैशांत शिर्डी-शिंगणापूरची सहल होऊन रसवंतीवर सगळ्यांना दोन-दोन ग्लास रस मिळेल. टॅक्सी ठरवण्याचे काम मात्र दहावीतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावे.